फुलपाखरं, चतुर आणि टाचण्या कशा बघायच्या : पंचवटीतल्या एका शिलाईवालीची पद्धत

टाचणी हा शब्द माझ्याकडे दोन कामांना लागतो. एक टाचणी बाही बसवताना माझ्या ओठांत धरलेली असते. दुसरी गोदावरीच्या काठी लव्हाळ्यावर बसलेली असते, पंख पाठीवर मिटून, शिसपेन्सिलीच्या रेघेएवढी. दोन्ही उभ्यानं दिसत नाहीत. गुडघे टेकावे लागतात.

मी पंचवटीत ब्लाउज शिवते, २२ वर्षं झाली. शिक्षण बारावी कॉमर्स, जीवशास्त्राशी संबंध दहावीलाच सुटला. सोमवारी मशीन बंद ठेवते आणि किडे बघायला जाते. सोसायटीतल्या बायका आधी हसायच्या, आता विचारतात, "ताई, आम्हालाही दिसतील का?" दिसतील की. पण दोन-तीनदा त्यांना घेऊन गेले तेव्हा लक्षात आलं, सगळ्या एकच चूक करतात. फुलपाखरू दिसलं की त्याच्यामागे धावतात. पाचव्या मिनिटाला दम लागतो, फोनमध्ये एक धुरकट पिवळा ठिपका येतो, आणि मग मिसळ कुठे चांगली मिळते याची चर्चा सुरू होते. म्हणून जे तोंडी सांगते ते एकदा लिहून काढतेय.

किडा शोधू नका, त्याचं झाड शोधा. माझी सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे.

फुलपाखरू फुलावर येतं ते चहाच्या टपरीवर यावं तसं. त्याचा खरा संसार अळीच्या झाडावर, आणि अळ्या म्हणजे भलत्या नखरेल. एकेका जातीला ठरावीकच पाला चालतो, दुसरा समोर ठेवला तर उपाशी मरतील पण तोंड लावणार नाहीत. त्यामुळे अंडी घालणाऱ्या मादीला पान पारखून घ्यावं लागतं. ती पानावर टेकते आणि पुढच्या पायांनी टकटक करते. ती चव बघत असते, कारण फुलपाखरांना पायांनी चव कळते. आपण दुकानात कापड दोन बोटांत चोळून बघतो, तसंच. पटलं तर पोटाचं टोक वाकवून एक अंडं, नाही पटलं तर पुढचं पान. एखादं फुलपाखरू असं पानापानावर टेकत, उठत, पुन्हा टेकत चाललेलं दिसलं की समजा, ही बाई फुलाला आलेली नाही. तिथेच थांबा.

सुरुवात घरच्या कढीपत्त्यापासून करा. कुंडीतला चालतो. त्यावर दोन फुलपाखरं हमखास येतात, लाइम आणि कॉमन मॉर्मन. (नावांचं सांगून टाकते. हळदीकुंकू, हबशी, नीलवंत अशी सुंदर मराठी नावं आहेत, पण रानात भेटणारी माणसं बहुतेक इंग्रजी नावंच बोलतात. मीही जिथे जे तोंडात बसलंय तेच वापरते.) कोवळ्या पानांच्या शेंड्याला मोहरीएवढं, फिकट पिवळं, मोत्यासारखं गोल अंडं शोधा. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते, आणि ती हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चमक. पक्षी स्वतःची घाण कशाला खाईल? चार वेळा कात टाकून झाली की तीच अळी हिरवीगार होते आणि खांद्यावर दोन खोटे डोळे येतात. खरं डोकं त्याच्याही पुढे, खाली, बारीकसं. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन फाटे असलेलं शिंग बाहेर येतं आणि नासक्या लिंबासारखा वास सुटतो. एकदा बघा आणि सोडून द्या. गंमत म्हणून दहा वेळा डिवचू नका, तिला त्याला ताकद लागते.

यानंतरचा भाग मी खुर्ची टाकून बघते. खाऊन झालं की अळी दिवसभर इकडेतिकडे भटकते. मग एक काडी पसंत करते आणि शिवायला बसते. शब्दशः. आधी शेपटीकडे रेशमाचं एक बटण तयार करते आणि त्यात मागचे पाय रुतवते. मग मान मागे टाकून तोंडातला धागा अंगावरून या बाजूकडून त्या बाजूला नेते, परत आणते, परत नेते. एकाच रेषेवरून कितीतरी फेऱ्या. धागा जाड झाला की त्या फासात खांदे घालून मागे रेलते. झोपाळ्याच्या कडीला टेकून बसावं तशी. दुसऱ्या दिवशी कात गळते आणि आत कोष असतो, शेपटीला बटण आणि कंबरेला पट्टा. मी पहिल्यांदा हे पाहिलं त्या दिवशी माझ्या हातात हुक लावायचे सात ब्लाउज होते. एकही झाला नाही.

आता माझी चूक. त्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं झाडावरचे दोन कोष काडीसकट तोडून काचेच्या बरणीत ठेवले. एकातून लाइम निघालं. दुसरा पंधरा दिवस तसाच. मग एका सकाळी त्याला टाचणीनं पाडावं तसं एक भोक आणि बरणीत मुंगीएवढ्या, चमकणाऱ्या तीसेक गांधीलमाश्या. त्यांच्या आईनं कोष कोवळा असतानाच त्यात अंडी घातली होती. मला रडू आलं. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, त्याही कोणाची लेकरंच ना." तेव्हापासून बरणी बंद. जिथे आहे तिथेच बघायचं, पाहुणे कोण येतील ते येतील.

कढीपत्ता झाला की बाकीची झाडं पाठ करा. ही यादी नाशिकमध्ये कुठेही चालता चालता उपयोगी पडते. रुईवर प्लेन टायगर, पानाच्या खालच्या बाजूला एकेकटं अंडं आणि नंतर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी. कण्हेरीवर हबशी, म्हणजे कॉमन क्रो. त्याचा कोष बघायलाच हवा, चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच अशोकावर आणि सीताफळावर टेल्ड जे. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. श्रावणात टाकळा माजतो तेव्हा त्यावर पिवळी ग्रास यलो, आणि आपणही त्याच टाकळ्याची भाजी करतो. आंब्यावरच्या बांडगुळावर हळदीकुंकू, अंडी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीत. गॅलरीत पानफुटी असेल आणि तिच्या पानात पांढुरके, पोकळ डाग पडत असतील तर औषध मारू नका. आत रेड पिएरोची अळी आहे. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतला गर खाते, उशीच्या अभ्र्यात शिरलेल्या पोरासारखी.

लोक फुलझाडं लावून फुलपाखरांची वाट बघतात आणि अळी दिसली की फवारणी करतात. हा हिशोब मला अजून कळलेला नाही.

आता सामान. महागडा कॅमेरा लागत नाही. मी सराफ बाजारातून सोनाराचं भिंग घेतलं, दहापट मोठं दाखवणारं. डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची, उलट नाही. दुर्बीण घ्यायची असेल तर दुकानदाराला एकच विचारा, जवळात जवळ किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं? दोन मीटरच्या आत दिसलं तर घ्या, नाहीतर ती पक्षी बघणाऱ्यांना राहू दे. गुडघ्याखाली टाकायला जुन्या गोधडीचा तुकडा. एक काठी. आणि वही. माझी वही म्हणजे मापाचीच वही आहे. एका पानावर "छाती ३६, खांदा १४, गळा मागे ७" आणि समोरच्या पानावर "सोम., ९.१०, ऊन, रुई, २ अंडी, १ अळी अंगठ्याच्या नखाएवढी". झाड, वेळ, ऊन की ढग, काय करत होतं, एवढं लिहिलं की पुरे. नाव नंतर सापडतं. फोटो आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाकला की कोणी ना कोणी ओळखून देतं. त्यासाठी पंखांची आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू टिपा. नुसत्या वरच्या बाजूवरून भांडणं होतात.

ओळखण्यावरून एक गोष्ट सांगते, कारण मी वर्षभर फसले होते. पांडवलेण्याच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात मला सारखे प्लेन टायगर दिसायचे. नारिंगी पंख, टोकाला काळा भाग, त्यात पांढरा पट्टा, आरामात उडणारे. प्लेन टायगरला घाई नसते, कारण अळीपणी रुईचा चीक पोटात गेलेला असतो, तो कडू विषारीपणा मोठेपणीही टिकतो आणि पक्षी एकदा चव घेऊन कायमचे शहाणे होतात. पण एक दिवस त्यातलं एक प्लेन टायगर घोळीच्या भाजीवर अंडी घालताना दिसलं. घोळ? रुई सोडून घोळ? मी गोधडीवर बसले आणि भिंग काढलं. तो प्लेन टायगर नव्हताच. ती डॅनॅइड एगफ्लायची मादी होती. हिच्यात विष नाही, पण नक्षी अशी उचललीय की पक्षी हिलाही सोडून देतात. आमच्या धंद्यात याला कॉपी पीस म्हणतात. लांबून सारखा, हातात घेतला की फरक. तर फरक असा : प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच. त्याचं डोकं-छाती काळी आणि त्यावर पांढरे ठिपके, हिची साधी. हिच्या पंखाची कड थोडी नागमोडी. आणि गंमत म्हणजे हिचा नवरा अजिबात असा दिसत नाही. तो काळा, पंखांवर पांढरे मोठे गोल आणि त्यांच्या कडेला जांभळी झाक. नक्कल फक्त बायका करतात, कारण अंडी पोटात घेऊन जड अंगानं हिंडायचं त्यांना असतं.

टायगर आणि क्रो या मंडळींचं आणखी एक ठिकाण आहे. पावसानंतर माळावर खुळखुळ्याची झाडं शेंगा धरतात, त्या वाळल्या की आत बिया वाजतात. त्यांच्या वाळक्या, जखमी भागांवर कधी कधी डझनावारी फुलपाखरं लटकलेली असतात. ते मध पीत नाहीत. ते बहुतेक नर असतात, आणि झाडातलं एक रसायन ओरपून मादीला भुलवायचं अत्तर तयार करतात. तसंच ओल्या वाळूवर, गुरांच्या मुतावर, नदीच्या उताराला फुलपाखरांचा घोळका बसलेला दिसतो तेव्हा तेही बहुतेक नरच, क्षार शोषत असतात. घोळक्यात घुसू नका. दहा पावलांवर बसा, मग बसल्या बसल्या एकेक वीत पुढे सरका. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. कपड्याच्या रंगापेक्षा हालचाल आणि सावली जास्त घात करते.

चतुर मात्र वेगळं प्रकरण आहे. इथे झाड नाही, पाणी शोधायचं आणि त्या पाण्यात त्याची काडी शोधायची.

आधी ओळख. बसल्यावर पंख आडवे पसरलेले आणि डोळे एवढे मोठे की बहुतेक वेळा डोक्यावर एकमेकांना भिडलेले, तो चतुर. पंख पाठीवर मिटलेले आणि डोळे दोन टोकांना दोन मणी, ती टाचणी. काही टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवतात, त्यांची काळजी दुसऱ्या वर्षी करा.

अनेक चतुरांना आपली ठरलेली बैठक असते. पाण्यातून वर आलेली एखादी काडी, तारेचं टोक. तिथून उडतो, माशी पकडतो, चक्कर मारतो, त्याच काडीवर परत. म्हणून तो उडाला की त्याच्यामागे जायचं नाही, उलट तो नसताना काडीजवळ सरकायचं आणि दगड होऊन बसायचं. दोन-तीन फेऱ्यांत तो तुम्हाला फर्निचर समजायला लागतो. मी एकदा सोमेश्वरच्या खाली नदीकाठी अशी तास-दीड तास बसले होते. एक काका तीनदा येऊन गेले आणि शेवटी म्हणाले, "ताई, काही पडलंय का पाण्यात?" या प्रश्नाची सवय करून घ्या. मी "हो, अंगठी" सांगते. "चतुर बघतेय" सांगितलं की जास्त वेळ जातो.

बसलात की काय बघायचं? दुपारी बाराच्या उन्हात काही चतुर शेपूट सरळ आभाळाकडे करून शीर्षासन घातल्यासारखे बसतात. सूर्याकडे फक्त टोक ठेवलं की अंगावर ऊन कमी पडतं. नर मादीला मानेला धरून जोडीनं उडतात, आणि टाचणीची मादी शेपूट वाकवून नराच्या पोटाला टेकवते तेव्हा दोघांचा मिळून बदामाचा आकार होतो. नंतर चतुराची मादी पाण्यावर टपटप शेपूट आपटत अंडी सोडते आणि नर वर पहारा देतो. हेच दृश्य मला एकदा पार्किंगमध्ये दिसलं, काळ्या गाडीच्या बॉनेटवर. धुतलेल्या गाडीवरून येणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखाच असतो, त्यांचे डोळे तिथे फसतात. अंडी सगळी वाया.

पाणी कसं आहे हेही चतुर सांगतात. रामकुंडाच्या खाली तपोवनापर्यंत आणि नासर्डीच्या काठी तुम्हाला नारिंगी पंखांचा छोटा चतुर ढिगानं दिसेल. तो डिच ज्युअल, गटारी पाण्यातही मजेत राहतो. तो एकटाच दिसत असेल तर पाण्याबद्दल वेगळं काही विचारायला नको. त्र्यंबक-इगतपुरीकडचे सावलीतले, वाहते, तळ दिसणारे ओढे बघा, तिथली टाचण्यांची बिरादरीच वेगळी. गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, जिथे गवत पाण्यात उतरतं, तिथे लाल क्रिमझन मार्श ग्लायडर आणि हिरवा-काळा ग्रीन मार्श हॉक मिळतो. हा हिरवा इतर चतुरही खातो. मी त्याला त्याच्याच मापाचा चतुर डोक्याकडून चावताना पाहिलंय, भिंगातून. कुरकुर आवाज यायचा बाकी होता.

सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी मैदानावर, गच्चीवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात आणि बसतच नाहीत, तो वाँडरिंग ग्लायडर. पाऊस सरला की भारतातून हे वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघतात. लहानपणी आम्ही याच्याच शेपटीला दोरा बांधून फिरवायचो. आता तो दोरा आठवला की हात आखडतो.

याचाच जन्म मी गच्चीवर पाहिला. शेजारच्या बांधकामासाठी पाणी साठवायचं सिमेंटचं टाकं पावसानं भरलं होतं. त्यात मातकट, सहा पायांची, मोठ्या डोळ्यांची पिल्लं दिसली. चतुराचं बालपण पाण्यात जातं, तिथे ती डासांच्या अळ्या खातात. खालचा ओठ घडीचा असतो, तो झटक्यात पुढे फेकून शिकार ओढतात. एका पहाटे चारला बॅटरीवर लाल जिलेटिन लावून गेले. टाक्याच्या भिंतीवर एक पिल्लू वर चढून थांबलं होतं. पाठीवर शिवण उसवावी तशी चीर पडली. आधी पाठ, मग डोकं, मग पाय. अर्धं अंग बाहेर आलं आणि ते मागे उलटं लोंबकळून राहिलं, हललंच नाही. मला वाटलं मेलं. ते पाय वाळायची वाट बघत होतं. मग एकदम उठून आपल्याच कातीला धरलं आणि शेपूट ओढून काढली. पंख तेव्हा ओल्या चुण्यांच्या गोळ्यासारखे होते. हळूहळू चुणी सुटत गेली, इस्त्री न लावता. उजाडायच्या आत ते उडालं. कात भिंतीवर तशीच राहिली, ती आजही बटणांच्या डबीत आहे. तुम्हालाही काठावरच्या गवताला अशा काती सापडतील. त्या घरी आणायला हरकत नाही, मालक परत येत नाही.

वेळा थोडक्यात सांगते. फुलपाखरांसाठी सकाळी साडेआठ ते अकरा, ऊन अंगाला लागायला लागलं की. कॉमन ईव्हनिंग ब्राउनसारखी काही तिन्हीसांजेला उडतात. चतुरांना भर ऊन आवडतं. वर्षातला सोन्याचा काळ म्हणजे ऑगस्टचा मध्य ते नोव्हेंबर. थंडीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की नांदूर मधमेश्वरला जा. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. तिथे सगळ्यांच्या दुर्बिणी बदकांकडे असतात. तुम्ही चापडगावच्या बाजूला पहाटे खाली गवतात बघा. दवानं भिजलेले चतुर आणि टाचण्या गारठून बसलेले असतात, अंगावर थेंबांचे मणी. ऊन येईपर्यंत त्यांना उडताच येत नाही, म्हणून मनसोक्त बघता येतं. पण हात लावू नका. आणि मृगाच्या पहिल्या पावसात मातीवर लाल मखमली किडे निघतात, ते पोरांना जरूर दाखवा आणि पाय मोजायला सांगा. आठ भरतात. म्हणजे तो किडाच नाही, कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे.

काजव्यांसाठी पावसाआधी भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या गर्दीत मी जात नाही. जाल तर गाडीचे दिवे आणि फोनचा टॉर्च बंद. काजवा उजेडानं जोडीदाराला हाक मारतो, त्यात तुमचा उजेड म्हणजे लग्नात डीजे.

राती बघायचं असेल तर गच्चीवर पांढरं मांजरपाट ताणून बांधा, दोन मीटर पुरे, आणि त्यावर पांढरा प्रखर दिवा सोडा. अमावास्येच्या आसपास, पावसाळी, वारा नसलेली रात्र निवडा. पतंग येऊन कापडावर बसतात. हिरव्या लष्करी नक्षीचा कण्हेरीवरचा हॉक मॉथ आला तर समजा रात्र वसूल. दर पावसाळ्यात "दुर्मिळ ॲटलास पतंग आढळला" अशी बातमी येते. तो पतंग मोठा झाल्यावर काही खातच नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं, अळीपणीच्या साठ्यावर थोडे दिवस काढतो. त्यामुळे त्याला डब्यात घालून साखरपाणी देऊ नका. दिवा दोन तासांत बंद करा. रात्रभर ठेवलात तर सकाळी कोतवाल आणि साळुंक्या त्या कापडावर नाश्ता करतात. मी ते एकदा पाहिलंय, आणि तो नाश्ता मीच वाढला होता.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाचं. द्राक्षबागेत किडे बघायला जाणार असाल तर आधी मालकाला विचारा फवारणी कधी झाली. आमच्याकडे पिठ्या ढेकूण (मिलीबग) खाऊन टाकायला क्रिप्टोलेमस नावाचे भुंगेरे सोडतात. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरी लावलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी. माझ्या भावानं पहिल्या वर्षी पैसे देऊन आणलेल्या भुंगेऱ्यांची पिल्लं मिलीबग समजून खरडून काढली. आता तोच गडीमाणसांना फरक दाखवतो : झालर लांब आणि चाल भरभर असेल तर तो आपला माणूस.

अंजनेरीला एक दिवस ठेवाच. पावसाळा संपताना पायऱ्यांच्या वाटेनं मधल्या पठारावर जा. तिथे कंदीलपुष्पाच्या कुळातली एक वनस्पती आहे, जिला या डोंगराचंच नाव मिळालंय, सेरोपेजिया अंजनेरिका. या कुळातली फुलं बारीक माश्यांना नळीत कोंडून घेतात आणि परागकण चिकटवून मग सोडतात. अशी ठिकाणं पायाखाली चिरडली जातात, म्हणून वाट सोडू नका. गुडघे टेकायच्या आधी काठीनं गवत आणि दगड वाजवून घ्या, फुरसं तिथेच असतं. कड्यांवर आग्यामोहोळ असतात, तिथे अत्तर आणि धूर दोन्ही नको. आणि पावसाळ्यात नदीपात्रात उतरायच्या आधी धरणातून पाणी सोडलंय का बघा. गोदावरीतल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की त्या दिवशी टाचण्या फक्त शिलाईच्या.

हे लिहितेय तेव्हा माझ्या खिडकीत रामा रंगाचा एक ब्लाउज हँगरला लटकतोय. हुक, अस्तर सगळं झालंय. अकरा दिवसांपूर्वी कढीपत्त्यावरची अळी भटकत त्याच्या बाहीवर चढली आणि तिथेच बटण लावून, पट्टा बांधून बसली. बाईंना रोज सांगतेय, "वहिनी, जरा फिटिंगचं राहिलंय." आज दुपारपासून कोष काळसर झालाय आणि आतल्या पंखांचे पांढरे ठिपके कवचातून दिसायला लागलेत. तसे दिसले की बहुतेक दुसऱ्या सकाळी कोष फुटतो. वहिनी उद्या सातला येते म्हणाल्या होत्या, त्यांना नऊनंतर यायला सांगितलंय. खाली जुनं फडकंही अंथरलंय, बाहेर आल्यावर ते लालसर थेंब टाकतं आणि रेशमी कापडावरचा तो डाग जात नाही.